पोटाच्या वरच्या भागात दुखते तेव्हा

"मला कर्करोग तर नसेल?" हा प्रश्न पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांना झोपू देत नव्हता, म्हणून ते समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बरगड्यांच्या खाली मधोमध काही महिने जळजळ आणि दुखणे होते. वडील जठराच्या कर्करोगाने गेले असल्यामुळे आपलेही तेच होणार, अशी त्यांची खात्री झाली होती, आणि त्याच धास्तीने ते तपासणी टाळत होते.

निदान करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे. परंतु दुखण्याची नीट हकीकत सांगता येणे हे रुग्णाच्या हाती असते आणि भीतीच्या भरात नेमके तेच राहून जाते, म्हणून आम्ही आधी हकीकतच लिहून काढली. कंबरदुखीसाठी ते रोज आयब्युप्रोफेन घेत होते, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, कारण त्यांच्या मते पोटाचा आणि त्या गोळीचा संबंध नव्हता. वास्तविक अशा वेदनाशामकांमुळे जठराचे अस्तर दुखावून व्रण (अल्सर) होऊ शकतो. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू.

या भागातले दुखणे जठराचेच असते असे नाही. पित्ताशयातील खड्यांची कळ बहुधा उजवीकडे, अनेकदा तेलकट जेवणानंतर उठते, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीकडे जाते आणि काही तास टिकू शकते. स्वादुपिंडाला सूज आली तर तीव्र वेदना पाठीत शिरते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होते. पुष्कळांच्या बाबतीत तपासण्यांत काहीच सापडत नाही; तरीही ते दुखणे खोटे नसते, हे घरच्यांनाही समजावावे लागते. सर्वांत फसवे दुखणे हृदयाचे. वयस्कर व्यक्ती, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात हृदयविकाराचा झटका केवळ 'अॅसिडिटी'सारखा भासू शकतो. म्हणून दुखण्यासोबत दरदरून घाम, धाप किंवा जबड्यात, हातात वेदना असेल, तर पित्तशामक घेऊन वाट पाहत बसू नये, तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

बोलण्याच्या ओघात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: दोन दिवसांपासून शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होत होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण ते त्या घेत नव्हते. मी सत्र तिथेच थांबवून त्यांना लगेच रुग्णालयात पाठवले, कारण हे पचनमार्गातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. रक्ताची उलटी, पोट लाकडासारखे कडक होणे, तापासह कावीळ किंवा अचानक उठलेली असह्य वेदना यांतही असाच उशीर करू नये. वजन विनाकारण घटणे, घास अडकणे, पंडुरोग (रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे) किंवा आठवड्यांनंतरही न थांबणारे दुखणे यांसाठी तितकी धावपळ नको, पण डॉक्टरांची भेट लांबवू नये.

दुर्बिणीच्या तपासणीत व्रण निघाला, कर्करोग नव्हता, आणि जिवाणूही सापडला. वेदनाशामक बंद झाले, प्रतिजैविकांचा १४ दिवसांचा उपचार झाला. जिवाणू गेला की नाही, हे पाहण्याची चाचणी उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे थांबवूनच करतात. एरवी जिवाणू असूनही नाही असा निष्कर्ष येऊ शकतो. बरे वाटू लागल्यावर ती चाचणी पुष्कळ जण टाळतात. त्यांनी मात्र तिची तारीख आधीच ठरवून घेतली, आणि कंबरदुखीसाठी काय घ्यावे हेही डॉक्टरांना विचारून ठेवले.