थेरपीला येणाऱ्या मुलाच्या घरच्यांशी संपर्कच होत नसेल तर केस बंद करावी का?

दीड वर्षाच्या मुलाचे घरचे येईनासे झाले, फोन लागत नाही आणि वरिष्ठ नाव कमी करायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी पूर्व विदर्भातल्या एका डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात, फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या मते त्याची थेरपीची वेळ दुसऱ्या मुलाला द्या, नाव मात्र राहू द्या.

अमेरिकेत लहान मुलांसाठीची अशी लवकर-उपचार सेवा साधारण तिसऱ्या वाढदिवसाला संपते. तिथेही ती थांबवण्याआधी पालकांना लेखी कळवावं लागतं. आपला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून थेट १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, मग घाई कशाला?

फोन बंद म्हणजे नकार, असं इकडे धरूच नका. रिचार्ज संपतो, नंबर बदलतो, मोबाईल बापाजवळ आणि बाप परगावी. आशाताईला किंवा शेजारणीला विचारलं की कळतं, "ते तं मिरची तोडाले तेलंगणात गेले, पाण्याच्या आंधी येतीन." अंगणवाडीताईला पोषण ट्रॅकरमधली (अंगणवाडीच्या मोबाईल ॲपमधली) स्थलांतराची नोंदही बघायला सांगा. सोयाबीन सोंगणीत किंवा कापूस वेचणीत तर गावातच असलेली आईसुद्धा येत नाही. मजुरी बुडवून, वर एसटीचं भाडं भरून कोण येणार? दिव्यांग प्रमाणपत्र निघत असेल तर काढून द्या, एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. समुपदेशनापेक्षा हे जास्त कामी येतं.

सगळ्यांच्या मागे सारखं धावणं मात्र जमत नाही. मूल चालायला लागलं असेल, नुसतं बोलणं थोडं मागे असेल, तर थांबता येतं. पण वाकड्या पावलाचं प्लास्टर होऊन ब्रेस (पट्टीने जोडलेले दोन बूट) लागलेलं बाळ असेल तर गाडी काढा. तो ब्रेस पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचा असतो. सुटला की पाऊल परत वळतं, आणि बूट लहान झाला म्हणून तो घरी खुंटीला टांगलेला असतो. जन्मतः ऐकू न येणारं बाळही याच यादीत, त्याची पहिली दोन-तीन वर्षं परत मिळत नाहीत.

एवढं करूनही पत्ता लागला नाही आणि बंद करावंच लागलं, तर शेऱ्यात "पालक उदासीन" लिहू नका. कुणाला विचारलं, काय कळलं, मूल शेवटचं आलं तेव्हा काय करू शकत होतं, ते लिहा. मराठीत चार ओळींची चिठ्ठी आशाताईजवळ ठेवा: कधीही या, नवा केसपेपर लागणार नाही. ही चिठ्ठी देण्याआधी केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसालाही तसं सांगून ठेवा, नाहीतर तो त्यांना पुन्हा रांगेत उभं करेल.