डॉइली कार्ट कंपनीच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर साल नसेल तर काळ कसा ओळखावा? आणि संग्रह कुठून सुरू करावा?

आधी मालकाचं नाव बघा. गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या इंग्रज जोडीच्या ऑपेरा करणारी ही लंडनची कंपनी शंभरेक वर्षं एकाच घराण्याकडे होती. संस्थापक रिचर्ड डॉइली कार्ट १९०१ मध्ये वारले, मग पत्नी हेलन १९१३ पर्यंत, मुलगा रुपर्ट १९४८ पर्यंत आणि नंतर नात ब्रिजेट. पत्रिकेवर 'मिसेस डॉइली कार्ट' दिसलं तर काळ बहुतेक हेलनचा. दौऱ्यांच्या पत्रिकांवर बऱ्याचदा वार आणि तारीख असते, साल नसतं. तेव्हा जुनं कॅलेंडर लावून तो वार त्या तारखेला कोणत्या सालांत येतो ते पाहा, मग नटांची नावं जुळवा. जॉन रीड मुख्य विनोदी भूमिकांत असतील तर १९५९ ते १९७९.

पदांच्या पुस्तिकांवर मात्र भरवसा नको. त्या वर्षानुवर्षं तशाच पुन्हा छापल्या जायच्या, त्यामुळे विक्रेत्याचं 'पहिली आवृत्ती' सहसा ऐकून सोडून द्यावं.

सुरुवातीला १९५० नंतरच्या पत्रिका घ्या, त्या भरपूर मिळतात. प्लेअर्स सिगारेटच्या पाकिटांतली या ऑपेरांची चित्रकार्डंही छान आहेत : १९२५ आणि १९२७ चे, पन्नास-पन्नासचे दोन संच. १८८१ मध्ये उघडलेल्या, कंपनीच्या लंडनमधल्या सॅव्हॉय थिएटरच्या पहिल्या वर्षांतल्या पत्रिकांचा मोह मात्र खिसा बघून करा. तिथे त्या प्रेक्षकांना फुकट वाटत, हे वाचून आज जरा चिडचिड होते!

फाटलेल्या पत्रिकेला सेलोटेप अजिबात नको. नोंद पेन्सिलने, तीही वेगळ्या कागदावर.