ज्याला बोलता येत नाही त्याच्या शेजारी बस

अगं, मेसेज वाचला तुझा. दोन महिन्यांत बौद्धिक दिव्यांग असलेले मोठे लोक राहतात अशी आठ घरं बघायची, कळव्यापासून पार उलव्यापर्यंत, आणि हातात संस्थेची चार पानी चेकलिस्ट. फायर एक्स्टिंग्विशर आहे का, सीसीटीव्ही आहे का, पाण्याचा फिल्टर आहे का. ती भर नीट, कंटाळा नको करू, कारण दहा जण झोपलेत आणि दाराला बाहेरून कुलूप आहे असं असेल तर आग लागल्यावर काय, हे कोणीतरी विचारलंच पाहिजे. पण तू विचारलंस की ताई, घर चांगलं आहे की नाही हे तुम्हाला कळतं कसं, तर खरं सांगते, मला पहिली बरीच वर्षं कळत नव्हतं.

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एक घर होतं, नऊ जण राहायचे, सगळे तिशी-चाळिशीतले पुरुष. मी गेले तर दारात रांगोळी, स्वागतगीत झालं, दोघांनी कागदाची फुलं दिली, चहा-पोहे, फरशी चकाचक. मी रिपोर्टमध्ये उत्तम लिहून मोकळी झाले. खिडकीपाशी एक जण बसला होता, अडतीसचा असेल, बोलता न येणारा, आणि तो सारखा उजव्या गालावर मारून घेत होता. विचारलं तर म्हणाले, तो तसाच आहे मॅडम, त्याचं बिहेवियर आहे, डॉक्टरांनी गोळी वाढवलीये. मी मान डोलावली. चार महिन्यांनी बहिणीने त्याला दिवाळीला घरी नेलं, तिला राहवेना म्हणून डेंटिस्टला दाखवलं, तर दाढेत पू. इतके दिवस दाढ ठणकत होती त्याची आणि त्याला शांत करायच्या गोळ्या वाढत होत्या. त्या रिपोर्टवर सही माझी आहे.

तेव्हापासून प्रत्येक घरात मी सगळ्यात कमी बोलणारा माणूस शोधते आणि त्याच्या शेजारी जाऊन बसते. तासभर तरी. बोलणारे तर तुझ्याकडे येतीलच, नाव विचारतील, मोबाइल बघतील, लग्न झालं का विचारतील. पण जो बोलत नाही त्याच्याकडे त्या तासात कोण कोण आलं ते बघ, आलं तर समोर बसून बोललं की वरूनच "ए, चल ऊठ", नावाने हाक मारली का, भरवत असतील तर आधीचा घास गिळून होईपर्यंत थांबतात का (घाईत भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो, आणि मग सगळे म्हणतात अचानक झालं). मग मावशींना, म्हणजे तिथे त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना विचार, याला कुठे दुखलं की हा काय करतो? ज्या मावशी पटकन सांगतात की "हा ताट ढकलतो आणि कान ओढतो", तिथे माझी अर्धी काळजी मिटते. आणि "काही नाही हो, हा आपला गप्प असतो" असं आलं ना, की वही उघड आणि खुर्ची पुढे ओढ.

बिहेवियर हा शब्द ऐकलास की थांबायचंच. कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, त्याच्या आधी काय घडलं होतं, आणि शरीर तपासलं का. दात, कान, पोट, पाळी, लघवीचं इन्फेक्शन. बद्धकोष्ठता तर कोणी धरतच नाही, पण ती साधी गोष्ट नाहीये, यातल्या कित्येक औषधांनीच ती होते, वाढून आतडं अडकलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून कोणाचं पोट कधी साफ झालं याची नोंद ठेवता का हे न लाजता विचार. डाऊन सिंड्रोम असलेला चाळिशीचा माणूस अचानक हट्टी झालाय, घरातल्या घरात वाट चुकतोय, असं सांगितलं तर थायरॉइड केव्हा तपासला ते विचार, आणि त्यांच्यात विसरण्याचा आजार लवकर सुरू होऊ शकतो हेही डोक्यात ठेव.

औषधांचं रजिस्टर हातात घेऊन बघ. एका घरी मी संध्याकाळी पाचला गेले होते आणि रात्री नऊच्या डोसची सही आधीच झालेली, पुढच्या दोन दिवसांचीही, एकाच पेनने. फिटच्या गोळ्या, म्हणजे व्हॅलप्रोएट, कार्बामॅझेपिन वगैरे, मध्येच बंद पडल्या तर फिट उसळून येते, म्हणून स्ट्रिप मोजायची, रजिस्टरशी जुळते का बघायचं. फिट आली तर किती मिनिटं चालली हे लिहितात का, पाच मिनिटांवर गेली तर काय करायचं हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत आहे का. त्यालाच विचार, मॅनेजरला नको. रिस्पेरिडोनसारखी शांत करायची गोळी चालू असेल तर ती कशासाठी, कोणी लिहिली, आणि शेवटचं डॉक्टरांनी त्या माणसाला समोर बसवून कधी बघितलं होतं. जुन्याच चिठ्ठीवर दोन-दोन वर्षं औषधं आणणारी घरं मी पाहिलीत.

सकाळी अकराला जाऊ नकोस, सकाळी सगळीच घरं छान दिसतात. संध्याकाळी सहा ते आठ जा, जमलं तर रविवारी. तेव्हा कळतं की मावशींना लोकल पकडायची म्हणून सगळ्यांना साडेसहाला जेवायला बसवतात आणि साडेसातला लाइट बंद, म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा माणूस साडेसातला अंथरुणात. टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात आहे, चहात साखर किती हे कोणी विचारतं का, प्रत्येकाचा टूथब्रश वेगळा आहे का, आतले कपडे ज्याचे त्याचे आहेत की धुऊन आले की जो मिळेल तो. सगळ्यांचे केस एकाच दिवशी एकाच मशीनने कापलेले असतील तर मला वाईट वाटतं, खूप वाईट वाटतं. बाथरूमला आतून कडी आहे का, की दोघा-तिघांना एकदमच दार उघडं ठेवून आंघोळ. आणि तू स्वतः तरी त्यांना "मुलं" म्हणू नकोस. आपल्याकडे सगळे प्रेमानेच म्हणतात, मीही म्हणायचे, पण बाळ म्हटलं की त्याला काय हवंय हे विचारायची गरजच वाटेनाशी होते.

मावशींशी इन्स्पेक्टरसारखी वागू नकोस हं. कित्येक घरांत चोवीस तासांची ड्युटी, महिन्याला एक सुट्टी, जेमतेम पगार आणि दहा जणांचं सगळं हातून, त्यात कोणी चावतं, कोणी ओरबाडतं. किती जणी वर्षभरात सोडून गेल्या हे विचारलंस तर मालकांबद्दल बरंच कळेल.

पालक म्हणतील सगळं छान आहे. त्यावर लगेच विश्वास नको ठेवू आणि त्यांना दोषही नको देऊ. डोंबिवलीच्या एका सत्तरीच्या आईने मला निघताना जिन्यात हात धरून सांगितलं होतं, अगं तक्रार केली आणि घेऊन जा म्हणाले तर मी त्याला उचलू कशी? म्हणून त्यांना घराबाहेर भेट, निवांत, आणि त्यांनी सांगितलेलं कोणाच्या नावासकट ग्रुपवर टाकू नकोस.

कागदांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 50 प्रमाणे अशा संस्थेला नोंदणी लागते, नंबर आणि मुदत बघ. कोणी मानसिक आरोग्याचं लायसन्स दाखवलं तर लक्षात ठेव की 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व हे मानसिक आजारात धरलेलं नाही. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडून ते पालकत्व घ्यावं लागतं, आणि त्याच ट्रस्टची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, कित्येकांनी काढलेलाच नसतो. खारघरला एनआयईपीआयडीचं, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं रीजनल सेंटर आहे, तेही घरांना सांगत जा.

आणि मार, बांधून ठेवणं, नको तिथे हात लावणं, असं काही दिसलं किंवा कोणी सांगितलं तर उलटतपासणी घेऊ नकोस, कोणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नकोस, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिही, तारीख-वेळ टाक आणि त्याच दिवशी मला आणि संस्थेला सांग. त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 7 खाली कोणीही एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटला कळवू शकतं. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या संस्थेत होणाऱ्या छळाची बातमी 2010 साली आली आणि हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, ते लहान मुलांचं होतं, पण आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं आणि तिथेही आधी कोणीतरी भेट देऊन गेलंच असेल, असं मला अजून वाटत राहतं.

रविवारी पहिलं घर ऐरोलीचं ना? ट्रान्स हार्बरला ब्लॉक आहे का बघून निघ. आपला डबा ने आणि त्यांच्याच पंगतीत बसून जेव. रिपोर्ट फायनल करायच्या आधी, कच्चा असतानाच, मला फोनवर वाचून दाखव. मी पहिलं हेच विचारणार आहे की तू कोणाच्या शेजारी बसली होतीस आणि त्याचं नाव काय.

तुझी ताई