सांधे ठीक, मग अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह कशी?

प्रश्न: ताई, आईला आमवात आहे म्हणून मीपण टेस्ट करून घेतली, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली, पण सांधे एकदम ठीक आहेत. गोळ्या सुरू करू का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: मनाने काही सुरू करू नका. अँटी-सीसीपी ही आमवाताशी संबंधित अँटीबॉडीज शोधणारी रक्ततपासणी आहे; या अँटीबॉडीज सांध्यांना सूज यायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसू शकतात, २००४ च्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांचे साठवलेले नमुने तपासले तर पुढे आमवात झालेल्या जवळपास ४० टक्के लोकांत त्या आधीपासूनच सापडल्या, पण पॉझिटिव्ह आली की आजार होतोच असं नाही. सिगारेट ओढत असाल तर बंद, हिरड्यांतून रक्त येत असेल तर डेंटिस्ट गाठा (हो, हिरड्यांचाही संबंध दिसतो). सकाळी बोटं तासभर आखडायला लागली, अंगठी निघेना झाली तर मात्र पामबीचच्या ट्रॅफिकची कारणं न देता रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांधेविकारतज्ज्ञाकडे) जा, रिपोर्ट सोबत घेऊन.