ॲडलेडच्या कोलब्रुक स्मारकाला सहा वर्षांच्या नातवाला न्यावं का?

जरूर न्या. तुम्ही लेकीकडे आला आहात आणि एवढ्या दुःखाच्या जागी लहान पोराला कसं न्यायचं, असं विचारलंय. मी माझ्या मुलीला ती सात वर्षांची असताना नेलं होतं. गावाहून आलेली आईही सोबत होती.

शेफर्ड्स हिल रोडवर, ईडन हिल्सला ही जागा आहे. १९४०च्या दशकापासून जवळपास तीस वर्षं इथे मिशनऱ्यांचं कोलब्रुक होम होतं. त्याला अनाथाश्रम म्हणवत नाही मला, कारण मुलांचे आईबाप जिवंत होते. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना गोऱ्यांच्या रीतीनं वाढवायचं, हे सरकारचं धोरण. त्यापायी त्यांना घरातून उचललं जाई. इमारत आता नाही. दगडात कोरलेले चेहरे आणि त्यांवरून वाहणारं पाणी, असं एक कारंजं आहे: अश्रूंचं कारंजं. नातू पाण्याकडे धावेल, धावू द्या. चेहरे तो आपणच बघेल.

आणि तिथे ब्राँझची आई आहे. हात रिकामे. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती पुतळ्यापाशी बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "अरे, हिची ओटी कुणी रिकामी केली?" मी सांगितलं. तेव्हा मुलीनं विचारलं, "मग पोलिसांना का नाही सांगितलं?" नेणाऱ्यांत पोलीसही असायचे, हे तिला सांगताना माझा आवाज बसला.

मुलांना एकाच माणसाची गोष्ट सांगावी. आम्ही लोविजा ओ'डोनोह्यू यांची सांगितली. दोन वर्षांच्या असताना त्यांना नेलं, त्या कोलब्रुकमध्ये वाढल्या, नर्स झाल्या, १९८४ साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरल्या. आई भेटली ती तीस वर्षांहून जास्त काळानं, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. भाषेचं ऐकून माझी मुलगी आजीला जाऊन बिलगली. तिचं आजीशी सगळं बोलणं मराठीतूनच चालतं.

तासभर हाताशी ठेवून जा, खाणंपिणं नंतर. मे अखेरीपर्यंत असाल तर २६ तारखेला 'सॉरी डे', म्हणजे अशा उचलून नेलेल्या मुलांच्या आठवणीचा दिवस असतो, त्या सुमारास जा. या होममध्ये वाढलेलं कुणी जुनं माणूस बोलत असेल तर नातवाला पुढे बसवा.