सूर्यफुलाचं खोड पट्टीसारखं चपटं झालंय आणि टोकाला दोन फुलं चिकटून आली आहेत. हे म्यूटेशन आहे का? रोप उपटून टाकू का?

उपटू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला फॅसिएशन म्हणतात आणि त्याने शेजारच्या झाडांना सहसा काही होत नाही. म्यूटेशन, म्हणजे जनुकातला बदल, असेलच असंही नाही. आजूबाजूची सगळी सूर्यफुलं नेहमीसारखी असतील, तर माझ्या मते ते नसावं.

कोंबाच्या अगदी टोकाला पेशींचा एक सूक्ष्म घुमट असतो. नवी पानं, नवं खोड सगळं तिथूनच निघतं. हा घुमट आडवा ताणला जाऊन रेघेसारखा झाला की खोडही चपटं निघतं. बोट फिरवून बघा, उभ्या कडा हाताला लागतील आणि वरच्या भागात बारकी पानं दाटीवाटीने आलेली दिसतील. माझ्याकडे कॉसमॉसला असं झालं होतं तेव्हा फुलाची मधली चकती गोल राहिलीच नव्हती, सुरवंटासारखी लांबट होऊन मध्येच वळली होती. तुमची ‘दोन फुलं’ही नीट पाहा. बऱ्याचदा ती दोन नसतातच, एकच फूल आडवं वाढलेलं असतं.

घुमट बिघडायला फार काही लागत नाही. कोवळा शेंडा किडीने कुरतडला, थंडीचा तडाखा बसला, कुठून तरी तणनाशकाचे तुषार उडाले, तरी पुरतं. कधी ऱ्होडोकॉकस नावाचा जिवाणूही कारण असतो, पण मग बहुधा खोडाच्या बुडाशी बारीक कोंबांचा झुपका दिसतो. तसा दिसला तर त्या झाडाच्या कलमा घेऊ नका आणि कात्री धुऊन ठेवा.

खरं म्यूटेशनही असतं, आणि त्याचं उदाहरण तुम्ही नक्की पाहिलंय: कोंबड्याचं फूल. त्याचा मखमली तुरा म्हणजे फॅसिएशनच, फक्त ते बियांतून पुढच्या पिढीत उतरतं. घुमटात किती पेशी राहाव्यात हे ठरवणारी जनुकं असतात. एक वाढवतं, दुसरं आवरतं. आवरणारं ढिलं पडलं की पसारा होतो. मोठ्या, अनेक कप्प्यांच्या टोमॅटोंमागेही असेच बदल आहेत, तेव्हा ‘विकृती’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. मेंडेलने वाटाण्याचे जे सात गुण तपासले, त्यातला शेंड्याला फुलं एकवटण्याचा गुणही याच जातीचा.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती लायनारियाची गोष्ट. स्वीडनमध्ये या रानफुलाचा एक विचित्र प्रकार सापडला. नेहमीच्या फुलाचा फक्त डावा-उजवा भाग सारखा असतो, हे मात्र चहूबाजूंनी सारखं, पाच शेपट्यांचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1744 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो चक्रावूनच गेला. 1999 मध्ये उलगडा झाला तेव्हा कळलं, की कारण संबंधित जनुकाच्या अक्षरांतला फरक नव्हतंच. त्यावर मिथाइलचे रासायनिक शिक्के बसून ते बंद पडलं होतं. हे शिक्के कधी निघतातही, आणि मग त्याच झाडाच्या एखाद्या फांदीला पुन्हा जवळपास नेहमीसारखी फुलं येतात. ‘म्यूटेशन आहे का’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देणं म्हणूनच कठीण.

सावध व्हायचं ते वेगळ्याच लक्षणांना. पाकळ्यांच्या जागी हिरवी पानं येऊ लागली, पानं बारीक होऊन झाडूसारखे गुच्छ झाले, तर ते बहुतेक फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म रोगजंतूचं काम. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि तुडतुड्यांमार्फत पसरतो. घरगुती उपाय नाही, असं रोप मात्र लगेच काढावं. (गंमत म्हणजे कुंडीतलं पॉइन्सेटिया एवढं आटोपशीर आणि भरपूर फांद्यांचं असतं तेही फायटोप्लाझ्मामुळेच, उत्पादक तो मुद्दाम टिकवतात.)

तुमच्या सूर्यफुलाचं बी मात्र वेगळं धरून ठेवा. पुढच्या हंगामात नेहमीच्या बियांशेजारी पेरा. बऱ्याच रोपांत चपटं खोड आलं तर ते आनुवंशिक आहे, सगळी साधीच निघाली तर बहुधा शेंड्याला काही तरी लागलं होतं. एक लक्षात ठेवा, सूर्यफुलाचं परागण बहुधा दुसऱ्या झाडांशी होतं, त्यामुळे गुण सुप्त असेल तर तो पहिल्या पिढीत लपून राहू शकतो. जमलं तर त्या रोपांचंही बी धरा.