मलेरियाचा परजीवी कॅल्शियम कुठून मिळवतो आणि कुठे साठवतो?

आपला प्रश्न असा आहे: वडिलांना मलेरिया झाला असून त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आधीपासूनच चालू आहेत, परजीवीला कॅल्शियम लागते असे आपल्या वाचनात आले, तर या गोळ्या त्यालाच पोसत असतील का, आणि एवढ्याशा पेशीत तो कॅल्शियम ठेवतो तरी कुठे? मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे दुसऱ्या भागावर अधिक लिहीन. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याचे कारणही या दुसऱ्या भागातच आहे.

परजीवीला कॅल्शियम हवे असते ते मुख्यतः इशारा म्हणून. त्याच्या पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम एरवी फार थोडे, सुमारे १०० नॅनोमोलर, म्हणजे आपल्या रक्तद्रवाच्या जवळजवळ दहा हजारांश असते. हतनूर धरणाखाली तापीचे पात्र उतरलेले असते म्हणूनच दरवाजे उघडताच काठच्या गावांना पाणी वाढल्याचे लगेच कळते. पेशीतही आतली पातळी कमी राखलेली असते म्हणूनच साठ्यातून सुटलेले थोडेसे कॅल्शियमही कामाला लागण्याचा हुकूम ठरते.

खरी अडचण परजीवीच्या निवासाची आहे. तो लाल रक्तपेशीत राहतो, आणि ही पेशी आपल्या पटलावरच्या पंपांनी कॅल्शियम सतत बाहेर फेकत असल्यामुळे तिच्या आत ते जवळपास नसतेच. मग साठे भरायचे कशातून? याचे उत्तर त्याच्या प्रवेशाच्या रीतीत आहे, आणि या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच. परजीवी रक्तपेशीत शिरतो तेव्हा तिचे पटल न फाटता आत दुमडते आणि त्याच्याभोवती एक पुटिका तयार होते. दुमडताना पटलाची बाहेरची बाजू पुटिकेच्या आत येते, त्यामुळे जे पंप एरवी कॅल्शियम रक्तात टाकत होते, तेच आता ते पुटिकेत, परजीवीच्या अंगाभोवती, टाकू लागतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत या पुटिकेतील कॅल्शियम सुमारे ४० मायक्रोमोलर भरले. म्हणजे भोवतालची रक्तपेशी कोरडी असूनही परजीवीला स्वतःपुरते कॅल्शियमयुक्त वातावरण मिळते.

तिथून आत आलेल्या कॅल्शियमचा मुख्य साठा आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यासारख्या भागात (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम), होतो. ‘एटीपी-६’ नावाचा पंप ऊर्जा खर्चून ते तिच्यात भरतो. याशिवाय काही आम्लधर्मी कप्प्यांतही ते असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आशाताई बोटाला टोचून जी रक्ताची स्लाइड घेतात, ती जिम्साने रंगवून तेलाच्या भिंगाखाली पाहिली, तर वाढलेल्या व्हायव्हॅक्सच्या (मलेरियाच्या परजीवीच्या एका जातीच्या) अंगात तपकिरी कण दिसतात. हिमोग्लोबिन पचवल्यानंतर उरलेले ते रंगद्रव्य अन्नपुटिकेत असते. ही अन्नपुटिका कॅल्शियमचा कितपत साठा करते यावर संशोधकांत मतभेद आहेत, कारण कॅल्शियम दाखवणाऱ्या चमकत्या रंगांवर आम्लाचाही परिणाम होतो. जालिकेला मुख्य साठा मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

हा साठा केव्हा उघडतो, ते रोगाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या परजीवीच्या दोन जातींचे रक्तातील चक्र सुमारे ४८ तासांचे असते. त्याच्या शेवटी ‘पीकेजी’ हे विकर जागे होते, जालिकेतील कॅल्शियम सुटते, त्यावर चालणारी ‘सीडीपीके’ गटातील विकरे कामाला लागतात आणि रक्तपेशी फुटून नवे परजीवी बाहेर पडतात. थंडी वाजून ताप चढतो तो या फुटण्यामुळेच. डासाच्या पोटातही हाच मार्ग वापरला जातो: तापमान उतरते, झँथ्युरेनिक आम्ल भेटते, काही सेकंदांत नर पेशीतील कॅल्शियम चढते, आणि पंधराएक मिनिटांत तिच्यातून आठ नर युग्मके सुटतात. ‘सीडीपीके’ विकरे माणसात नाहीत, म्हणून त्यांना रोखणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. आर्टेमिसिनिन हे मलेरियाचे औषध ‘एटीपी-६’ पंपावरच काम करते असे एक मत २००३ मध्ये मांडले गेले होते, परंतु पुढे परजीवी या औषधाला करत असलेल्या प्रतिकाराचा संबंध ‘केल्च-१३’ या वेगळ्याच जनुकाशी दिसला. जुन्या टिपणांत ते मत आढळले तर प्रमाण मानू नये.

आता वडिलांच्या गोळ्यांविषयी. रक्तातील कॅल्शियम शरीर हाडे, मूत्रपिंडे आणि परावटू ग्रंथी यांच्या साहाय्याने ठरावीक मर्यादेतच ठेवते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतील गोळीने परजीवीभोवतीची स्थिती फारशी बदलत नाही. उलट तीव्र मलेरियात रक्तातील कॅल्शियम कमी झालेलेही आढळते. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मात्र त्या चालू आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण औषधांत डॉक्सिसायक्लिन असेल तर कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून ठेवते आणि औषध रक्तात कमी पोहोचते. अशा वेळी दोन्हींमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.